डोंगराचं हाड

दुसऱ्याच पानावर सासूबाईंनी लाटणं थांबवलं.

"परत वाच," त्या म्हणाल्या.

बुरुलने बोट वर नेलं आणि तोच उतारा पुन्हा वाचला. उस्ता भट्टीपुढे बसलाय, चिमट्यात आगीतलं काळं धरलंय, आणि बाहेर नदीच्या पात्रात डोंगराची हाडं एकमेकांवर घासतायत. उतारा तिला पाठ होता. कोकसायमध्ये शाळेची पायरी चढलेल्या प्रत्येकाला तो पाठ असतो. आठवीच्या परीक्षेत त्यावर हमखास प्रश्न यायचा, लेखक दगडाला दगड का म्हणत नाही? उत्तरही ठरलेलं, मातृभूमीवरच्या अपार प्रेमामुळे. एवढं लिहिलं की पैकीच्या पैकी गुण.

सासूबाई चौथीनंतर मेंढ्यांमागे गेल्या त्या गेल्याच. त्यामुळे हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता आणि उत्तरही शिकवलं नव्हतं. आज बुरुल लेखकाच्या जन्मशताब्दीच्या प्रदर्शनासाठी उतारे निवडत होती. शेवयांसाठी पोळी लाटताना कंटाळा येतो, मोठ्याने वाच, असं त्याच म्हणाल्या होत्या.

"कुणाची सून गं ही?" त्यांनी विचारलं.

"कोण, एने?" बुरुल म्हणाली. सासूला इथे एनेच म्हणतात.

"हे लिहिणारी. हिच्या सासरी कुणीतरी ताश आहे नि कुणीतरी तेमिर. पंचाईत बघ बिचारीची, लोहाराची गोष्ट सांगायला बसली आणि लोखंड म्हणायची चोरी."

बुरुलला हसू आलं. "एने, हे तेमिरबेक साटारोवांचं आहे. चौकात पुतळा आहे ना, ते. थोरले भाऊ ताशतान."

"म्हणजे पुरुष?"

"पुरुष."

"मग त्याला काय धाड भरली होती स्वतःचं नाव घ्यायला?" सासूबाई म्हणाल्या आणि पुन्हा लाटू लागल्या.

त्यांच्या लेखी विषय संपला होता. बुरुल मात्र पुस्तक मांडीवर पालथं घालून बसून राहिली.

तेमिर म्हणजे लोखंड आणि ताश म्हणजे दगड, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. नवऱ्याचं, सासऱ्याचं आणि सासरच्या थोरल्या पुरुषांचं नाव सुनेच्या ओठावर येता कामा नये, आणि ज्या वस्तूवरून ते नाव पडलं त्या वस्तूचंही. मग ती बिचारी आडून आडून काहीतरी म्हणते. शहरातल्या पोरींनी हे केव्हाच सोडलं, पण खेड्यातल्या घरात अजून चालतं. या घरातही चालत होतं. बुरुलचे सासरे शेकेरबेक जाऊन नऊ वर्षं झाली, तरी सासू आणि सून दोघी चहात 'गोड' घालत. शेकेर म्हणजे साखर, म्हणून तो शब्द घेत नसत. बुरुलचा नवरा मेलिस मुद्दाम बरणी लपवून ठेवायचा आणि "काय हवंय? नाव सांगा," म्हणून दोघींना छळायचा.

एवढं सगळं स्वतः करत असून आपल्याला हे कसं दिसलं नाही? बुरुलला स्वतःचाच राग आला. तालुक्याच्या वाचनालयाची ती प्रमुख, पदवीला साहित्य घेतलेली, आणि चौथी शिकलेल्या बाईने पीठमाखल्या हातांनी दोन पानांत काम संपवलं होतं.

दुसऱ्या दिवशी वाचनालय उघडल्या उघडल्या तिने पेन्सिल घेतली आणि तेमिरबेक साटारोवांच्या तीनही कादंबऱ्या पुढ्यात ओढल्या. 'खिंडीतला उस्ता', 'सात पाणवठे', 'लंगडी घोडी'. लेखकाची एवढीच पुस्तकं. त्यांना जाऊन चव्वेचाळीस वर्षं झाली होती आणि तिसरीची शेवटची दहा-बारा पानं लिहून झाली तेव्हाच ते आजारी पडले म्हणतात. चार दिवस ती ओळीवर बोट ठेवून वाचत राहिली. नऊशे पानं, सगळी डोंगरातली. दरडी कोसळतात, घोडे अडखळतात, एक म्हातारी गारगोट्यांवर शकुन पाहते, पण दगड हा शब्द कुठेही नाही. नायक लोहार, आणि लोखंड नाही. लोहार हा शब्दही नाही, त्याला आपला 'उस्ता', म्हणजे कारागीर, म्हटलंय. चौथ्या दिवशी ती उठली आणि सगळ्यात खालच्या फळीवरून एक पातळ पुस्तक काढलं.

'शेवटचं दूध', लेखिका उल्कान साटारोवा. लेखकाची सून. तेमिरबेकांची बायको युद्धाच्या सालीच वारली होती, मुलगा एकच आणि सूनही एकच. हे पुस्तक दहा वर्षांपूर्वी इथल्याच छापखान्यात तीनशे प्रतींचं निघालं होतं. तेव्हा बुरुल नुकतीच नोकरीला लागली होती आणि तालुक्याच्या वर्तमानपत्राने तिच्याकडून परीक्षण मागवलं होतं. तिने लिहिलंही, मोठ्या आवेशात. 'थोर सासऱ्याच्या शैलीची ही फिकी नक्कल आहे. डोंगराचं हाड इथेही येतं, पण मज्जा नाही.' हे वाक्य सुचलं तेव्हा ती स्वतःवरच खूश झाली होती. अंक निघाला त्या दिवशी उल्कान अपा (थोरल्या बाईला इथे अपाच म्हणतात) वाचनालयात आल्या, त्या अंकाची एक प्रत मिळेल का म्हणाल्या, प्रत पिशवीत घातली आणि गेल्या.

त्यानंतर त्यांनी काही छापलं नाही. बुरुलने ते पुस्तक खालच्या फळीवर ठेवलं आणि गेल्या दहा वर्षांत ते एकदाही कुणी नेलं नाही. कार्ड कोरं होतं.

आता तिने ते उभ्या उभ्याच वाचलं. नक्कल कसली, तोच हात होता. म्हातारपणी जरा संथ झालेला आणि कमी शब्दांत भागवणारा. वाचता वाचता तिचे कान तापले.

साटारोवांचं घर आता स्मारक होतं आणि उल्कान अपा त्याच्या रखवालदारीण. सकाळी अंगण झाडायच्या, शाळेच्या सहली आल्या की दाखवायच्या, "हा त्यांचा कोट. हे त्यांचं टेबल. ही त्यांची वही." त्यांचं म्हणजे कुणाचं, हे दारावरच्या पाटीवर लिहिलेलं होतं, पोरं ते वाचून घ्यायची. उल्कान अपांनी ते नाव उच्चारलेलं कोकसायमध्ये कुणी ऐकलं नव्हतं. लोक कौतुक करायचे, सून असावी तर अशी.

बुरुल गेली तेव्हा अपांनी चहा ओतला, तळलेल्या बोर्सोकची ताटली पुढे सरकवली आणि शताब्दीची तयारी कुठवर आली ते विचारलं. बुरुलने काही सांगितलं. तिची नजर टेबलावरच्या काचेकडे गेली. काचेखाली वही उघडी होती, 'खिंडीतला उस्ता'ची. तिच्या बाजूला चिठ्ठी, 'लेखकाचं हस्तलिखित, १९५६'. चिठ्ठी उल्कान अपांनी लिहिलेली होती. वहीतलं अक्षर आणि चिठ्ठीतलं अक्षर एकच होतं, शेवटच्या रेघेला तोच बाक. चाळीस वर्षं सगळा तालुका या काचेवर वाकून गेला होता. सुनेने सुवाच्य प्रत काढून दिली असेल, असं म्हणून पुढे गेला होता.

"अपा," बुरुल म्हणाली, "तुमच्या पुस्तकावर मी जे लिहिलं होतं..."

"तरुण होतीस."

"गाढव होते."

"दोन्ही असतं माणूस." अपांनी तिच्या कपात आणखी चहा घातला.

"माझ्या सासूला मी पहिली कादंबरी वाचून दाखवली. त्यांना कुणाची ते सांगितलं नव्हतं. दुसऱ्या पानावर त्यांनी विचारलं, कुणाची सून ही?"

किटली हातात तशीच राहिली. अपांनी ती सावकाश खाली ठेवली.

"किती शिकलीय तुझी सासू?"

"चौथी."

अपा हसू लागल्या. आधी आवाज न करता, मग खांदे हलायला लागले, मग डोळ्यांना पाणी आलं आणि त्यांनी रुमालाचं टोक डोळ्यांना लावलं. बुरुलने त्यांना असं हसताना कधी पाहिलं नव्हतं.

"मॉस्कोत भाषांतर झालं," त्या म्हणाल्या. "अकादमीतल्या लोकांनी जाडजूड प्रबंध लिहिले. पुरुष होते, त्यांना कळणार कसं? पण बायकांनीही वाचलंच की गं. शेकडो सुनांनी वाचलं. मी वाट बघायचे, एखादी तरी येईल आणि विचारेल. पण त्यांनी आधी मुखपृष्ठ वाचलेलं असायचं."

मग त्यांनी सांगितलं, तेही काही फार नाही. अठराव्या वर्षी या घरात आल्या. वही पिठाच्या पेटीत ठेवायच्या. एकदा सासऱ्यांच्या हाती लागली. ते तेव्हा सामुदायिक शेतीचं वार्तापत्र काढायचे, वाचण्यातलं त्यांना कळायचं. दुसऱ्या दिवशी दोन कोऱ्या वह्या आणि शाईची बाटली आणून चुलीशेजारी ठेवली, आणि सुनेच्या वाटची दूध काढणी पुतण्याच्या बायकोला सांगितली. सुनेसाठी एवढं कोण करतं? वर्षभराने राजधानीहून पुस्तक छापून आलं.

"माझ्या हातात दिलं तेव्हा ते दुसरीकडे बघत होते. वाईट माणूस नव्हता. सुनेचं कोण छापणार, असं त्यांना वाटलं असेल. मग बक्षीस मिळालं, मग पुतळ्याची भाषा सुरू झाली. आता कुठे थांबायचं, ते त्यांनाही कळेना."

"आणि तुम्ही कुणाला काहीच बोलला नाहीत?"

"काय बोलू? ज्याचं नाव तोंडातून काढता येत नाही, त्याची तक्रार कशी करतात, ते मला सांग."

बुरुल म्हणाली, मी लिहिते, वर्तमानपत्रात देते, मागचं सगळं भरून काढते. अपांनी नकारार्थी मान हलवली. पुन्हा दुसऱ्याच कुणाच्या सहीने काही यायला नको होतं त्यांना.

"तुझ्या त्या कार्यक्रमात मला एक पान वाचायला मिळेल का?" त्यांनी विचारलं. "एकच. दुसरं, तुझी सासू थांबली ते."

संस्कृती खात्याचे प्रमुख इमानकुल बाइके कार्यक्रमाची पत्रिका घेऊन बसले होते. राजधानीचे प्राध्यापक येणार, मंत्री बहुधा येणार, पुतळ्याला नवा रंग दिलेला. त्यात म्हातारीला कुठे बसवायचं, हा त्यांना प्रश्न पडला. बुरुलने 'सुनेच्या मुखातून' असं नाव सुचवलं तेव्हा त्यांचा चेहरा खुलला. पाच मिनिटं दिली. वर बजावलंही, घोळ नको हं बुरुल, तुझ्या जबाबदारीवर. घोळ झाला तर वाचनालयाला नवी प्रमुख बघावी लागेल, हे त्यांनी हसत हसत सांगितलं, पण सांगितलं. बुरुलनेही हसत हसत मान डोलावली.

शताब्दीच्या दिवशी सभागृह गच्च भरलं. पुढच्या रांगांत पांढऱ्या टोप्यांचे आजोबा, अधिकारी, शिक्षक. मागे बायका, डोईला पांढरे रुमाल बांधलेल्या, त्यांच्यात सासूबाईही होत्या. मंत्री आले नाहीत. प्राध्यापक पाऊण तास बोलले. तेमिरबेक साटारोवांची प्रतिभा अशी, की ते वस्तूचं नाव न घेता वस्तू डोळ्यांपुढे उभी करतात. जगाच्या साहित्यात याला तोड नाही. असं कुणाला सुचलं नाही, आणि पुढे कुणाला जमलंही नाही. मग मान थोडी वळवून ते उदारपणे म्हणाले, नक्कल करण्याचे प्रयत्न मात्र झाले. पुढच्या रांगेत काहीजण समजून हसले. बुरुल कडेच्या भिंतीला टेकून उभी होती. तिने मान खाली घातली, कारण नक्कल हा शब्द तिचाच होता.

मग उल्कान अपांना बोलावलं. सत्तरी ओलांडलेली बाई, तीन पायऱ्या चढायला तिला वेळ लागला. मखमली जाकीट घातलं होतं, रुमाल कडक इस्त्रीचा. हातात वही नव्हती, छापील पुस्तकच होतं, वाचनालयाच्या शिक्क्याचं. त्यांनी दुसरं पान उघडलं, चष्मा लावला आणि प्रस्तावना न करता वाचायला लागल्या.

आवाज बारीक होता, पण थरथरत नव्हता. सभागृहातले अर्धे लोक ओठ हलवत बरोबरीने म्हणत होते, सगळ्यांना पाठच होतं ते. उस्ता भट्टीपुढे बसला. बाहेर नदीला पूर आला होता. पुरात डोंगराची...

"दगड," उल्कान अपांनी वाचलं. "पुरात दगड एकमेकांवर घासत होते."

बरोबरीने हलणारे ओठ अडखळले. पुढच्या रांगांत कुणीतरी खाकरलं, म्हातारी चुकली म्हणून. पण मागच्या रांगांतून एक आवाज उठला, श्वास आत ओढल्यासारखा, आणि बुरुलने वळून पाहिलं तर एकेका म्हातारीचा हात स्वतःच्या कॉलरकडे गेला होता, अघटित काही ऐकलं की इथे जातो तसा. चुकून निघालेला शब्द आणि मुद्दाम काढलेला शब्द यांतला फरक त्यांना कळत होता. साटारोवांची सून हा शब्द उच्चारत नाही, गावाला ठाऊक होतं ते.

अपा वाचत राहिल्या. "त्याने चिमट्यात लोखंड धरलं. लोखंड लाल झालं होतं. त्याच्या बापानेही हेच लोखंड ठोकलं होतं."

तिसऱ्यांदा लोखंड आलं तेव्हा प्राध्यापक खुर्चीतल्या खुर्चीत पुढे झुकले.

"अपा, माफ करा हं," ते म्हणाले, मायेनेच म्हणाले. "मूळ पाठ तसा नाही. छापलंय तसं वाचा. शैलीच तर आहे ती."

उल्कान अपांनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं.

"शैली नाही, बाळा," त्या म्हणाल्या. "हे लिहिलं तेव्हा मी एकोणीस वर्षांची सून होते. सासऱ्यांचं नाव तेमिरबेक. मला लोखंड म्हणायची मुभा नव्हती."

पन्नास वर्षांत पहिल्यांदा ते नाव त्यांच्या तोंडून निघालं होतं. आवाज चढला नव्हता. त्यांनी बोट पुन्हा ओळीवर ठेवलं आणि पान संपेपर्यंत वाचलं.

प्राध्यापकांनी हातातली टिपणं एकदा पाहिली, मग घडी घालून खिशात ठेवली. इमानकुल बाइके बुरुलकडे बघत होते, आणि बुरुल त्यांच्याकडे बघत नव्हती. टाळी वाजवायची की नाही, हे पुढच्या रांगांना समजेना. पुतळा डोळ्यांसमोर येत असेल त्यांच्या, नुकताच रंगवलेला.

मग मागून बाकड्याचा आवाज झाला. बुरुलच्या सासूबाई उठून उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी टाळी वाजवली नाही, नुसत्याच उभ्या राहिल्या, गुडघ्यांवर हात दाबत. त्यांच्या शेजारची उठली. मग तिच्या शेजारची. मग सगळे पांढरे रुमाल उभे राहिले, आणि थोरल्या बाया उभ्या असताना बसून राहणं कुणालाच शोभत नाही म्हणून पुढच्या टोप्याही एकेक करून उठल्या. प्राध्यापक सगळ्यात शेवटी उठले, पण उठले, आणि पायऱ्यांपाशी जाऊन अपांना उतरायला हात दिला. "काचेखालची ती वही मला उद्या पाहता येईल?" असं त्यांनी विचारलेलं बुरुलने ऐकलं. अपा म्हणाल्या, या की, किल्ली माझ्याकडेच असते.

बाहेर पोरींनी अपांना घेरलं. शाळेची पुस्तकं पुढे केली, 'खिंडीतला उस्ता'चीच. अपांनी छापलेलं नाव खोडलं नाही. त्याच्या खाली, शेवटच्या रेघेला बाक देत, आपलं नाव लिहिलं. बुरुल रांगेत शेवटी उभी राहिली. तिच्या हातात ते पातळ पुस्तक होतं आणि आत तिचं ते दहा वर्षांपूर्वीचं कात्रण. अपांनी कात्रण पाहिलं, उलटं केलं आणि त्याच्या कोऱ्या बाजूवर सही करून परत दिलं.

"कार्डावर पहिलं नाव तुझंच घाल," त्या म्हणाल्या. "कोरं कार्ड बरं दिसत नाही."

घरी जाताना सासूबाई कोपऱ्यावरच्या दुकानापाशी थांबल्या. एरवी दुकानात बुरुल जायची, किंवा मेलिस. आज त्याच पुढे झाल्या आणि पिशवीचं तोंड उघडून धरलं.

"काय देऊ, अपा?" दुकानातल्या पोरीने विचारलं.

सासूबाईंनी घसा साफ केला. रुमालाची गाठ उगाच चाचपली.

"साखर," त्या म्हणाल्या. "दोन किलो साखर दे."

बुरुलचा हात आपोआप कॉलरकडे गेला. पोरीला त्यात काही विशेष वाटलं नाही, तिने तागडी पुढे ओढली.

"बारीक देऊ की ठोकळे?"

"दोन्ही दे," सासूबाई म्हणाल्या. "साखर आहे ना? मग झालं."